पुऱ्यांना दीड पान, होडीला चार ओळी

पत्र (बरंच कापलंय, मूळ पत्र खूप मोठं आहे):

"ताई, मी ६२, हे ६६. मी शाळेतून रिटायर झाले, हे वीज खात्यातून. सिंहगड रोडला राहतो. मुलगा, सून, नातू वाकडला आणि मुलगी नाशिकला. रिटायर झाल्यावर ह्यांनी सात सीटर गाडी घेतली, आणि तेव्हापासून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सगळे आमच्याकडे जमतात. दोन दीर, जावा, मुलं, नातवंडं धरून चौदा-पंधरा पानं होतात. वर ट्रिपा. कोकण तीनदा, ज्योतिबा, भिगवण, समृद्धीवरून नागपूर. कुठेही जायचं म्हटलं की हे ग्रुपवर टाकतात, मग अकरा जण होतात नाहीतर तेरा. आदल्या रात्री पुऱ्या, तिखटमिठाच्या, गोडाच्या, बटाट्याची सुकी भाजी, चटण्या, सगळं मीच करते. सुनेच्या पुऱ्या फुगत नाहीत त्यामुळे तिला बसवत नाही. मुलगी म्हणते आई तू नुसती बस आम्ही करतो, पण करत कोणी नाही. पाणी दिसलं की ह्यांना होडीत बसायचंच असतं. मला पोहता येत नाही. जानेवारीत तापोळ्याला जेवून सगळे झोपले तेव्हा आम्ही दोघंच गेलो होतो. होडीवाल्या काकांनी मधे मशीन बंद केली आणि म्हणाले, इथं खाली आमचं जुनं गाव. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मला फार बरं वाटलं. पण मी ह्यांना सांगितलं नाही, सांगितलं तर पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन येतील. आता दिवाळीत देवबागला पाच दिवस, एकोणीस जण. किचन असलेला बंगला बुक केलाय, म्हणजे जेवणाचा खर्च वाचेल म्हणाले. मला नको म्हणायचंय. मी स्वार्थी आहे का? माझ्यामुळे सगळ्यांचा विरस होईल."

सही म्हणून लिहिलंय, 'पुऱ्या तळणारी, पुणे'.

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चक्क मोजलं. मूळ पत्रात पुऱ्या, भाजी, डबे आणि रविवारची भांडी मिळून जवळपास दीड पान आहे. गाडीला अर्धं पान, त्यातही निम्मा टोल. आणि तापोळ्याच्या होडीला चार ओळी. पण सगळ्या पत्रात कुठे मी थांबले असेन तर त्या चार ओळींपाशी, कारण बाकी पत्रभर तुम्ही तक्रार करताय आणि तिथे मात्र तुमचा आवाज एकदम खाली आलाय, जसं माणूस एखादी गोष्ट पदराआड धरून सांगतो तसा.

बाई कधी रिटायर होत नाही वगैरे मी लिहिणार नाहीये. ते तुम्हाला पाठ आहे, मलाही पाठ आहे, आठ मार्चला दरवर्षी कोणीतरी ऐकवतंच. मला वेगळंच दिसतंय. तुम्हाला फिरायचा कंटाळा नाहीये, माणसांचाही नाहीये, आणि पाण्याची भीती आहे म्हणता तरी त्या दिवशी दोघंच होतात तर न कुरकुरता होडीत बसलात. तुमच्या घरात झालंय असं की एकत्र जमणं, गाडीने लांब जाणं आणि होडीत निवांत बसणं या तीन वेगळ्या गोष्टी साहेबांनी एकाच गाठोड्यात बांधल्यात आणि ते गाठोडं उचलायला तुम्ही. गाठोडं सोडा, तिन्ही गोष्टी सुट्या करा, मग बघा त्यातलं तुम्हाला काय काय हवंय. मला तर वाटतं तिन्ही हवंय, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

आधी रविवार घेऊ, कारण मूळ दुखणं तिथलं आहे.

महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा, गुणिले पंधरा पानं. अहो एवढी पानं तर आमच्याकडे लग्नाला उठली होती. बंद करा असं मी म्हणत नाही, दीर-जावा अजून एकमेकांकडे हौसेने येतायत हे आजकाल कमी घरात आहे आणि ते तुम्हीच टिकवलंय. पण बाराच्या बारा वेळा जेवणच कशाला? पाडवा, गौरीजेवण, भाऊबीज आणि मधे कोणाचा वाढदिवस, एवढी चार जेवणं ठेवा. बाकी रविवार संध्याकाळी चार ते सात. चहा आणि भेळ. भेळ हा फार हुशार पदार्थ आहे, कारण ती पुरुषांना करता येते, निदान आपल्याला येते असं त्यांना वाटतं, कांदा चिरून झाला की ते घमेल्याएवढं पातेलं घेऊन उभे राहतात आणि सगळ्यांना चव विचारत फिरतात. करू द्या. चटणी एक दिवस आधी कोणाकडून तरी आणायची, कोणी आणायची ते ग्रुपवर नाव घालून लिहायचं. "कोणीतरी आणा" असं लिहिलं की ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच असता. धाकटी जाऊ चिंचेची चटणी, मुलगा फरसाण आणि कुरमुरे, नातू लिंबं. नातू सहा वर्षांचा असला तरी त्याच्या नावावर लिंबं. आणि जेवणाचे जे चार रविवार राहतील त्यांच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून. तुमच्या सिंहगड रोडला वळणावळणावर केंद्र आहे, साठ पोळ्या आदल्या दिवशी सांगितल्या तर घरपोच येतात. तुमच्या पोळ्यांसारख्या नसतील हे मान्य.

इथे तुम्हाला एक बोलते, राग मानू नका. सुनेच्या पुऱ्या फुगत नाहीत म्हणून तुम्ही तिला बसवत नाही. मग ती शिकणार कधी आणि तुम्ही उठणार कधी? न फुगलेली पुरी खाऊन आजवर कोणाला काही झालेलं नाही, उलट प्रवासात ती डब्यात चार जास्त मावते. मुलगी म्हणते तू नुसती बस, आणि तुम्ही खरंच बसता का हो? की पाच मिनिटं बसून, "अगं तेल तापलं नाहीये अजून" म्हणत उठता? मी स्वतः अशी उठणारी होते त्यामुळे ओळखते. यावर एकच उपाय मला लागू पडला, त्या दिवशी घरात थांबायचंच नाही. सकाळी बहिणीकडे जायचं आणि चार वाजता पाहुण्यासारखी बेल वाजवून यायचं. पहिल्या वेळी आमच्याकडे खिचडी करपली होती आणि सगळ्यांनी ती दह्याबरोबर खाल्ली. आमचे हे तीन दिवस ते सांगत होते, जसं काही त्यांनी गड सर केला.

आता गाडी.

समृद्धीवरून नागपूर एका दमात, असं तुम्ही लिहिलंय आणि ते साहेबांचे शब्द असणार. ताई, ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, १२० ची मर्यादा, सरळच्या सरळ, ना गाव ना वळण ना म्हैस आडवी येणार, डोळा लागायला याहून सोयीची जागा नाही. सासष्टव्या वर्षी एका दमात जाण्यात कसलं आलंय कौतुक, थोडा दम राखून ठेवायला नको का. दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, चालवणाऱ्याने उतरून दहा मिनिटं चाललंच पाहिजे, मागे बसलेल्यांनी पण, कारण पाय लोंबकळून तासन्‌तास बसलं की ते सुजतात आणि या वयात पायात रक्ताची गाठ व्हायची भीती असते. आणि तुम्ही पाणी पीत नाही प्रवासात, हो ना? पत्रात नाही लिहिलंय, पण आपण सगळ्याजणी तेच करतो, टॉयलेट कुठे मिळेल म्हणून पुणे सोडल्यापासून घोट नाही. बीपीची गोळी चालू असेल, त्यात लघवी जास्त होणारी असेल, तर पाणी न पिता उन्हात बसून चक्कर यायला वेळ लागत नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, प्रवासाच्या दिवशी कधी घेऊ हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं. पेट्रोल भरायचं असो नसो, पंपावर थांबायचं. गाडी लागते म्हणून आपण जी गोळी घेतो तिने झोप येते, ती स्टिअरिंगवरच्या माणसाने घ्यायची नाही, हे साहेबांना सांगायला लागणार नाही पण दिराला सांगा.

अंधार पडल्यावर गाडी नाही. समोरच्याचे लाइट डोळ्यात जायला लागलेत असं ते म्हणत असतील तर मोतीबिंदू बघून घ्या, तो नंबर वाढलाय म्हणून चालढकल करायचा विषय नाही. आणि त्यांचं लायसन्स काढून तारीख बघा. पंचावन्न उलटल्यावर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, विमा कंपनीला मात्र बरोबर माहीत असतं.

तुमचं पण लायसन्स आहे म्हणे, १९९८ चं, 'पण गाडी हातात आली नाही कधी'. ते वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. कंसातलं मी आधी वाचते. तुमच्या वयाच्या हिशोबाने ते पन्नासाव्या वर्षीच संपलेलं असणार, आणि मुदत संपून वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते. देऊन टाका. एखाद्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस जा, नवऱ्याकडून शिकू नका, घरात जेवण होणार नाही. घाट नका चालवू, सात सीटर पुण्यात नका काढू, पण सकाळी सातला सोलापूर रोडच्या एखाद्या मोकळ्या पट्ट्यात तीस किलोमीटर तुम्ही चालवलंत तर त्यांचा खांदा सुटेल आणि गाडी दोघांची होईल. आणि दर वेळी गाडीच काढली पाहिजे असंही नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि साहेबांनाही पासष्ट झाल्यामुळे अर्धंच. पण ते एसटीत बसणार नाहीत, हे मला इथूनच दिसतंय.

तर त्यांना गाडी हवी, तुम्हाला पाणी हवं. माझ्याकडे यावर एक जुना तोडगा आहे, फेरी. कोकणात गाडीसकट होडीत चढायचं. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, तिथून श्रीवर्धन-हरिहरेश्वरला मुक्काम. सकाळी बागमांडल्याहून गाडी फेरीत घालायची, सावित्री ओलांडली की पलीकडे वेसवी, मग केळशी, आंजर्ला, दापोलीला मुक्काम. तिसऱ्या दिवशी दाभोळ, तिथे वाशिष्ठी ओलांडून धोपावे, पुढे गुहागर. चौथ्या दिवशी तवसाळहून शास्त्री ओलांडून जयगड आणि गणपतीपुळे. दाभोळची फेरी २००३ पासून चालूये, त्याच्या आधी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडीने जायचं तर चिपळूणवरून सगळा वळसा. चार दिवसांत तीन खाड्या, पुण्याहून निघायचा पहिला दिवस सोडला तर एका दिवसात तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नाही. साहेब गाडी चालवतील, गाडी फेरीत गेली की तुम्ही उतरून कठड्याशी जाऊन उभ्या राहाल. आमचे हे पहिल्या वेळी दाभोळला गाडीतून उतरलेच नाहीत. हँडब्रेक ओढून, वर पाय पण ब्रेकवर ठेवून, काचा बंद करून बसले होते, सगळी खाडी पार होईपर्यंत, गाडी घरंगळून पाण्यात जाईल म्हणून. मी बाहेर एका कोळणीशी गप्पा मारत होते, तिच्या टोपलीत सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी होती, तिथल्या तिथे अर्धा किलो घेतले. आणि नंतर पुण्यापर्यंत गाडीला त्याचा वास येत होता, त्याबद्दल अजून ऐकते.

ही ट्रिप एकोणीस जणांत करताच येत नाही, पाच गाड्या एका फेरीत मावतीलच असं नाही, अर्धे या काठावर अर्धे त्या काठावर. म्हणून मला ती आवडते.

आता होडी, म्हणजे तुमच्या चार ओळी.

तापोळ्याचं ते पाणी म्हणजे कोयनेचं धरण, शिवसागर. साठच्या दशकात धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावं खाली गेली, माणसं उठून लांब लांब गेली, काही वर डोंगराच्या कडेला सरकली. त्यामुळे ते काका 'इथं खाली आमचं जुनं गाव' म्हणाले ते टुरिस्टला सांगायचं ठेवणीतलं वाक्य नसावं, आणि तुम्ही दोघं गप्प झालात ते बरोबरच झालात. तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला मी काय सांगू, पण एखाद्याचं गाव पायाखाली आहे हे कळल्यावर वेफर्सचं पाकीट फोडावंसं वाटत नाही. तेरा जण असते तर कोणीतरी फोडलं असतं.

परत जा. जानेवारीपर्यंत पाणी बऱ्यापैकी वर असतं. एप्रिल-मेमध्ये ते खाली जातं आणि मग होडीपर्यंत उतरायला चिखलाचा मोठा उतार लागतो, आपल्या गुडघ्यांचं काम नाही ते. सोमवार ते गुरुवार मधला दिवस धरा. सकाळची वेळ, दुपारनंतर वारा सुटतो. एक तासाचे पैसे ठरवा आणि ठरवतानाच सांगा, "काका, मधे वीस मिनिटं मशीन बंद." त्यांना त्यात डिझेल वाचतं, ते खूश. साताऱ्याच्या बाजूने जायचं असेल तर कासवरून बामणोलीला उतरा, पाणी तेच, फक्त वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांची सकाळी गर्दी असते, ती निघून गेली की काठ मोकळा.

पोहता येत नाही याची लाज वाटून घेऊ नका, येणाऱ्यांनाही मधोमध पडल्यावर फार काही सुचत नाही. जॅकेट होडीत बसायच्या आधी, जमिनीवर घालायचं. कडेला ठेवलंय, लागलं तर घालू, असं नाही. एका ठिकाणी (गाव सांगत नाही) मला दिलेल्या जॅकेटचं बक्कलच तुटलेलं होतं आणि तो पोरगा म्हणाला, आजी नुसतं धरून बसा. मी नुसती घरी गेले. बक्कल लावून पट्टा ओढायचा आणि खांद्याला धरून कोणालातरी वर उचलायला सांगायचं, जॅकेट हनुवटीवरून कानाशी आलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. साडी नको, ड्रेस घाला, मागे पट्टा असलेली सँडल, काठावर शेवाळ असतं. होडीत पाय मधोमध ठेवायचा, कडेवर नाही, काकांचा हात धरायचा आणि बसून घ्यायचं. फोटोसाठी उभं राहायचं नाही आणि साहेबांना राहू द्यायचं नाही. होडीत माणसं किती बसवलीत ते मोजायचं, जास्त वाटली तर पुढच्या होडीने जायचं, आपल्याला कुठे ऑफिस गाठायचंय.

आणि आभाळ बघायचं. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचं वारं उठतं ते सांगून उठत नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती रोजची ये-जा करणारी माणसं होती. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, साहेब 'काही नाही होत गं' म्हणाले की हे सांगता यावं म्हणून लिहितेय.

उजनीचंच भिगवण तुम्ही केलंय, पण तेही तेरा जणांत केलंत. पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला निघालात तर उजाडता उजाडता कुंभारगावला पोचता. कोळ्यांच्या होड्या असतात, एका होडीत दोघं आणि तो. फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित पक्षी, ते माणसांचा आवाज आला की सरकतात, त्यामुळे तेरा जणांना दिसले ते लांबून गुलाबी रेघ. गप्प बसलात तर माना पाण्यात घालून उलटी चोच चाळणीसारखी हलवताना दिसतात. दहाला परत काठावर, चिलापी मासा खाऊन दोनला घरी. साहेबांची दुपारची झोप पण होते.

आता मुख्य प्रश्न, स्वार्थी आहे का. नाही. पण एक सांगू का, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, हे मला खटकलं. तो माणूस अडीच-तीन वर्षं गाड्या भरभरून लोक नेतोय, होड्या ठरवतोय, कारण आपली बायको खूश होते असं त्याला वाटतंय, की खूश का होत नाही हे त्याला कळत नाहीये म्हणून तो माणसं वाढवतोय, दोन्हीपैकी काहीतरी असणार. नोकरीत हाताखाली माणसं होती, रोज चार फोन, चार तक्रारी. ते एका दिवसात थांबलं. मग ग्रुप काढला. कोणाला कितीची रूम, कोणाची गाडी पुढे, हे करताना त्यांना ऑफिससारखं वाटत असेल. त्यात वाईट काही नाही. पण तुम्हाला काय आवडतं हे त्यांना ठाऊकच नाही, आणि तुम्ही ते लपवून ठेवलंय, चांगल्या डब्यातला लाडू पाहुण्यांना दिसू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवतात तसं.

सांगा. ग्रुपवर नाही, रविवारी नाही, आणि भांडणाच्या शेवटी तर अजिबात नाही. गाडी चालवताना सांगा, समोर बघायचं असतं त्यामुळे माणूस तोंडाकडे बघून लगेच उत्तर देत नाही, ऐकतो. असंच सांगा, "अहो, तापोळ्याला काकांनी मशीन बंद केली होती ना, ते मला फार आवडलं. परत जाऊ या. दोघंच." बस. पुऱ्यांचा विषय त्याच वाक्यात काढू नका, नाहीतर ते पुऱ्यांचंच उत्तर देतील, उद्यापासून विकत आणू म्हणतील आणि होडी राहून जाईल. पुऱ्यांचं दुसऱ्या दिवशी.

दिवाळीचं रद्द करू नका, पोरांची तयारी झाली असेल, आणि एकोणीस जणांच्या तोंडी तुम्ही कशाला येताय. फक्त बंगल्याच्या किचनचं काय करायचं ते आत्ता ठरवा. पाच दिवस एकोणीस माणसं, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता, यात वाचणारा खर्च म्हणजे तुमची कंबर आहे. देवबाग-तारकर्लीला घरोघरी जेवण देणाऱ्या बायका आहेत, आधी सांगितलं तर शाकाहारी-मांसाहारी दोन्ही करतात, तुमच्यापेक्षा त्यांची सोलकढी चांगली असणार, त्यांच्याकडे रोजचे नारळ आहेत. बंगलेवाल्यालाच विचारा, त्याच्या वहिनी नाहीतर शेजारीण कोणीतरी करत असेल. पैसे सात घरांत वाटून घ्या, जावयाचे पण घ्या. किचनचा उपयोग चहापुरता. हे साहेबांना पटवायचं असेल तर खर्च वाचण्याची भाषा वापरू नका, "मला पण समुद्र बघायचाय" एवढंच म्हणा, यावर काय बोलणार ते.

आणि परत येताना कसंय, सगळ्यांना ऑफिसं आहेत, ते रविवारी निघणार. तुम्हाला दोघांना कुठलं ऑफिस? तुम्ही दोन दिवस मागे राहा. बंगला सोडून एक साधी खोली घ्या. सोमवारी तिथली गर्दी एका रात्रीत उतरलेली असते, कर्ली नदीच्या बाजूला होड्या रिकाम्या बांधून ठेवलेल्या असतात, आणि होडीवाल्यांना गप्पा मारायला वेळ असतो. तिथे डॉल्फिन दाखवतो, बेट दाखवतो, करत मागे लागतील, नको म्हणा, नदीत नुसतं फिरवा म्हणा. सुनेला सांगून ठेवा की दोन दिवस फोन करू नका, काही लागलं तर आम्हीच करू. तिला कळेल. मला वाटतं तिला बऱ्याच गोष्टी कळतात, फक्त पुऱ्या फुगत नाहीत.

परतीच्या रस्त्याला एका दमात पुणे करू देऊ नका, कोल्हापूरला रात्र काढा.

तापोळ्याला जानेवारीत गेलात तर बरोबर एक थर्मास घ्या, तीन कप घ्या, तिसरा काकांना. पाण्यात लांब गेल्यावर रेंज जाते बऱ्याचदा, त्यामुळे साहेबांना व्हिडिओ कॉल करता येणार नाही, ते एक बरंय. आणि काका तेच भेटले तर त्यांना गावाचं नाव विचारा, मागच्या वेळी विचारायचं राहिलं असं तुम्ही लिहिलंय. मला पण कळवा.